मेहरी म्हणाली

२९ ऑगस्ट

बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. बल्खाशला येऊन आठवडा झाला. इक्रोम कारखान्यात, मुलं खाली अंगणात, आणि मी चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरात. खिडकीतून तळं दिसतं, पण त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. बाजूला तांब्याच्या कारखान्याच्या चिमण्या. वारा तिकडून आला की धुतलेल्या चादरींना गंजाचा वास येतो. इक्रोम म्हणतात, सवय होईल. त्यांना कशाचीही सवय होते. चार वर्षं एकटे रशियात राहिले, तिथेही झालीच होती. या वेळी मात्र त्यांनी सासूबाईंना ठणकावून सांगितलं, "बायकामुलं बरोबर येणार असतील तरच करार करतो." मी दाराआडून ऐकत होते. इतकी सुखावले की हातातली परात खाली ठेवायचं भान राहिलं नाही.

आता चौघं एका छताखाली आहोत. आमच्या ताजिक मुलखातलं राश्तचं खोरं, तिथले अक्रोड, सासूबाईंच्या शेळ्या, सगळं डोंगरांच्या पार पलीकडे राहिलं.

५ सप्टेंबर

मेहरंगेझची, आमच्या मेहरीची, शाळा दुपारची. चौथीचे वर्ग जेवणानंतर भरतात. धाकट्या नेक्रूझची बालवाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सकाळी मी त्याला पोचवते, संध्याकाळी शाळा सुटल्यावर मेहरी त्याला घेऊन घरी येते. छान बसलं आहे सगळं.

छान कसलं! बालवाडीच्या दारात तो माझ्या झग्याला असा धरून बसतो की तिथल्या तोन्यामावशींना त्याचं एकेक बोट सोडवावं लागतं. मावशी दांडग्या आहेत, पण हात मऊ. त्याच्याशी काहीतरी समजुतीचं बोलत असतात. काय बोलतात कोण जाणे. माझं रशियन म्हणजे बाजारापुरतं: केवढ्याला, नको, महाग. म्हणून मी मान हलवते. या गावात मी नुसती मान हलवते.

मेहरीची मात्र काळजी नाही. गावच्या शाळेत रशियनचा तास असायचा, तेवढ्या शिदोरीवर ती सगळं निभावते. काल पाण्याच्या मीटरवाला आला, त्याच्याशी तीच बोलली. दुकानात तीच. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण बलशेकेरअपांशी तीच; अपा म्हणजे इकडे थोरली ताई. दहा वर्षांची पोर, पण म्हातारीसारखी कंबरेवर हात ठेवून बोलते. देवाने एक तरी मूल बिनघोर दिलं.

२१ सप्टेंबर

बालवाडीच्या मुख्य बाईंनी बोलावलं होतं. इक्रोम रात्रपाळी करून तसेच गेले. नेक्रूझ तिथे तोंड उघडत नाही, मुलांना ढकलतो, दुपारी झोपायच्या वेळी रडून गोंधळ घालतो. बाई म्हणाल्या म्हणे, "घरी तुम्ही ताजिक बोलता, म्हणून पोराच्या डोक्यात खिचडी होते. घरी रशियनच बोला."

इक्रोमनी घरी आल्या आल्या फर्मान काढलं. "आजपासून या घरात आपली भाषा बंद. जेवताना, झोपताना, भांडताना, सगळं रशियन."

"मला रशियनमध्ये भांडता येत नाही."

"मग भांडण बंद! दुधात साखर."

मेहरी हसली. मीही हसले. मग त्यांनी नेक्रूझला मांडीवर घेतलं आणि खोटा खोटा दरारा आणून म्हणाले, "तू शिपाई. आई आपल्या भाषेत बोलली की मला येऊन सांगायचं. मग बघ मी आईला कसा रागावतो ते!" नेक्रूझने माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे मान डोलावली. शिपाई झाला ना माझा सोन्या.

३ ऑक्टोबर

आज दिवसभरात मी 'खा', 'हात धू', 'झोप' एवढंच बोलले. झोपताना गोष्ट सांगायला बसले. "ससा. जंगल. लांडगा. लांडगा वाईट." पुढे काय? लांडग्याने सशाला कसं फसवलं, हे माझ्याजवळच्या शब्दांत बसेना. नेक्रूझ माझ्याकडे असा बघत होता, जसं पाहुण्या बाईकडे बघावं. मी दिवा मालवला.

तो झोपला की मी मेहरीशी आपल्या भाषेत कुजबुजते. चोरून. चोरून खाल्लेल्या साखरेसारखं लागतं.

१७ ऑक्टोबर

आता नेक्रूझ घरीही बोलत नाही.

आधी वाटलं, रुसला आहे. गोड बोलून बघितलं, धाक घालून बघितलं. मग आपल्या भाषेत हळूच विचारलं, "सोन्या, भूक लागली का रे?" तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. इवलासा हात, थंडगार. माझी भाषाही नकोशी झाली का त्याला? मी आत जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं.

इक्रोम म्हणतात, "अगं, शब्द आत साठताहेत. एक दिवस धबधब्यासारखे बाहेर पडतील. मीही रशियात पहिले सहा महिने मुकाच होतो."

"तुम्ही पाच वर्षांचे नव्हता," मी म्हटलं. हे आपल्या भाषेत म्हटलं. ते रागावले नाहीत, फक्त दमलेल्या आवाजात म्हणाले, "रशियनमध्ये, सबोहत."

३० ऑक्टोबर

मेहरीच्या शाळेत पालकांची सभा आहे असं बलशेकेरअपांनी खुणेने सांगितलं. त्यांचा नातूही त्याच शाळेत आहे. मी माझा निळा झगा काढून इस्त्री केला. मेहरी म्हणाली, "नको येऊस, आई. तुला काही कळणार नाही, कंटाळशील."

"तुझ्या बाईंना बघेन तरी."

"नको म्हटलं ना! बाबांनाही सांगू नकोस. पाळीवरून दमून येतात." एकदम एवढ्या जोरात बोलली की नेक्रूझ दचकला. मग जवळ येऊन माझा हात धरला आणि म्हणाली, "सगळे खूप भराभरा बोलतात, म्हणून."

मी झगा परत कपाटात लावला. कळलं मला. माझी लाज वाटते तिला. डोक्याला रुमाल बांधणारी, तोंडात शब्द नसलेली आई. तिचं वय तसलंच आहे. पण लागलं.

८ नोव्हेंबर

मीच हट्ट धरून नेक्रूझला दवाखान्यात नेलं. इक्रोमना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मेहरीला बरोबर घेतलं.

डॉक्टर तरुण, चष्मेवाले. त्यांनी नेक्रूझला चित्रं दाखवली, त्याच्या मागे जाऊन टाळ्या वाजवल्या, घसा बघितला. तो खिडकीकडे बघत बसला. मग डॉक्टर माझ्याकडे तोंड करून खूप वेळ बोलले. मध्येच थांबायचे, मेहरीकडे बघायचे, पुन्हा बोलायचे. 'कारागंदा' एवढं एक नाव माझ्या कानांना सापडलं.

"काय म्हणाले?"

मेहरीने मफलरची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "म्हणाले, काळजी करू नका. नव्या जागी मुलं अशी होतात."

"एवढंच? केवढा वेळ बोलत होते."

"रशियनमध्ये सगळं लांबच असतं, आई."

"आणि कारागंदा काय?"

"त्यांचं गाव. तिथे शिकले ते."

मी हसून डॉक्टरांचे आभार मानले. ते माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिले. चांगला माणूस वाटला. घरी येताना मला हलकं वाटत होतं. मेहरी मात्र वाटेत उलटी करायला थांबली. दवाखान्यातल्या औषधांच्या वासाने झालं असेल.

१९ नोव्हेंबर

तळं गोठलं. माणसं त्यावरून चालतात, भोकं पाडून मासे धरतात.

नेक्रूझला नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे जाड बूट घेतले. मेहरीलाही घ्यायचे होते, पण ती म्हणाली, माझे आहेत ते बरे आहेत, शाळेत असलेच घालतात सगळ्या. तिचे शरद ऋतूतले पातळ बूट. पुढच्या पगाराला बघू.

दुपारी, ती शाळेला निघता निघता, माझा फोन वाजला. रशियन बोलणारी बाई. मी नेहमीसारखा फोन मेहरीच्या हातात दिला. ती दाराकडे वळून हळू आवाजात बोलली. कान लाल झाले.

"कोण गं?"

"माझ्या बाई. रायहान सेइतोव्ना."

"अगं बाई! काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझं अक्षर छान आहे."

खरंच छान आहे. मी तिच्या वह्या चाळते कधीकधी. वाचून अर्थ कळत नाही पण बघायला आवडतं. एवढं टापटीप लिहिते की पानं संपतच नाहीत. महिन्यापूर्वी बघितली ती वही अजून तितकीच कोरी.

२७ नोव्हेंबर

नेक्रूझच्या पिशवीत रोज ओली चड्डी असते. धुऊन, पिळून, घडी घातलेली. मेहरीला विचारलं तर म्हणाली, बर्फात खेळतो. बर्फात खेळल्यावर चड्डी धुतं कोण? मावशी असतील. देव त्यांचं भलं करो.

आज बलशेकेरअपा वर आल्या. हातात वाफवलेल्या कणकेच्या चकत्या आणि घोड्याच्या मांसाचं ताट. माझ्या शेजारी बसून बराच वेळ बोलल्या. माझा हात धरला, मेहरीकडे बोट दाखवलं, मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"काय म्हणतात?"

"त्यांच्या घरचं काही दुखणं आहे," मेहरी म्हणाली.

मी अपांना मिठी मारली. "सगळं ठीक होईल, अपा," असं आपल्या भाषेत म्हटलं आणि मेहरीला सांगायला लावलं. तिने काय सांगितलं कोण जाणे, अपा उठून निघूनच गेल्या. ताट इथेच राहिलं.

४ डिसेंबर

आज माझ्या हातून वाईट झालं.

नेक्रूझ चहाचा पेला धरून बसला होता. पित नव्हता, ठेवत नव्हता. गरम आहे का? थंड आहे का? नको आहे का? भिंतीशी बोलावं तसं. माझ्या डोक्यात काय भरलं कळलं नाही. त्याचे खांदे धरून गदागदा हलवलं आणि ओरडले. आपल्या भाषेत, गळा फाडून. "बोल! बोल ना रे! मी मेल्यावर बोलणार आहेस का?"

चहा त्याच्या अंगावर सांडला. तो रडला नाही. माझ्याकडे बघतही नव्हता. बाहेरच्या दाराकडे बघत होता, कोणी येतंय का तसं.

मेहरीने मध्ये पडून त्याला ओढून घेतलं. "सोड त्याला, आई! त्याला येतं बोलायला!"

"येतं तर मग का बोलत नाही?"

ती त्याचा ओला सदरा काढू लागली.

इक्रोम आल्यावर मी सांगितलं, मला घरी पाठवा. मुलांना घेऊन जाते. ते म्हणाले, "तिथे काय आहे? शाळेला छप्पर नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही. मी पुन्हा भिंतीवरचा फोटो होऊन राहू का?" तेही बरोबर, मीही बरोबर, आणि मध्ये ते मुकं पोर.

१४ डिसेंबर

परवाचं लिहून ठेवते.

परवा सकाळपासून बर्फाचं वादळ होतं. नेक्रूझला पोचवून आले, जेवण झाल्यावर मेहरी शाळेला गेली. थोड्या वेळाने दार वाजलं. उंच, टोपीवर बर्फ साचलेली बाई. "रायहान सेइतोव्ना," असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. मला एवढा आनंद झाला! हात धरून आत आणलं, चहा ठेवला, अक्रोड पुढे केले. "मेहरी शाळा," मी म्हटलं आणि घड्याळ दाखवलं.

त्यांनी मान हलवली. मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "मेहरी शाळा नाही. आज नाही. काल नाही. ऑक्टोबर थोडं. नोव्हेंबर नाही."

"आजारी?" माझ्या तोंडून निघालं.

"तुमची मुलगी सांगते, आजारी. फोनवर. मी बघायला आले."

किटली उकळत होती. ती बंद केली की नाही, आठवत नाही. एवढंच आठवतं की मी जिना उतरत होते, पायात घरातल्या सपाता, आणि खालच्या मजल्यावर अपांचं दार बडवत होते. अपांनी मला बघितलं आणि आपले बूट माझ्या पायात घातले. नातवाकडून त्यांना आधीच कळलं असणार, ताट घेऊन आल्या त्या दिवशी तेच सांगत होत्या.

शाळेत काय जायचं? आम्ही आधी नेक्रूझकडे गेलो. तोन्यामावशी दारातच भेटल्या. त्यांनी मला हाताला धरून झोपायच्या खोलीत नेलं. ओळीने खाटा, प्रत्येकीत एक पोर झोपलेलं. कोपऱ्यातली एक खाट रिकामी. तिच्या शेजारी एक बुटकं स्टूल. मावशींनी स्टुलावर हात ठेवला.

"ताई. रोज. इथे."

खुणेने सांगितलं: तो रडायचा, गादी ओली करायचा, मुलं हसायची. मग ताई यायची. तिचं बोट धरून तो झोपायचा. ताई चड्डी धुवायची. मावशींनी तिला दोनदा हाकलूनही बघितलं होतं. ती बाहेर बर्फात उभी राहायची, म्हणून पुन्हा आत घेतली.

"आज कुठे?" मी विचारलं.

आज कारागंदाहून डॉक्टर आले होते, न बोलणाऱ्या मुलांना तपासायला. अपांनी मावशींचं सगळं ऐकून घेतलं आणि मला हातवाऱ्यांनी, तुकड्यातुकड्याने समजावलं. कारागंदाला अशा मुलांची शाळा आहे, राहायची. मेहरीने डॉक्टरांची गाडी बघितली, नेक्रूझला उठवून बूट घातले आणि मावशींना म्हणाली, आईने बोलावलंय. आणि गेली.

कारागंदा. त्यांचं गाव. तिथे शिकले ते.

अपांनी पोलिसांना फोन केला, कारखान्यात केला, नवऱ्याला गाडी काढायला लावली. मी रस्त्यावर दिसेल त्याला अडवत होते. "दोन मूल. मुलगी मोठी. मुलगा लहान. पाहिलं?" आयुष्यात इतकं रशियन बोलले नव्हते. सगळं मोडकं, पण कोणी हसलं नाही. दुकानातून माणसं बाहेर आली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटली. मासे घसरगाडीवर ओढत नेणारा एक म्हातारा थांबला आणि हात लांब करून दाखवला. जुना धक्का. हिवाळ्यात होड्या उपड्या घालून ठेवतात तिथे.

गाडी अर्ध्या वाटेत रुतली. आम्ही चालत निघालो. बर्फ आडवं येत होतं, डोळे उघडवत नव्हते. अपा माझ्या झग्याला धरून, त्यांचा नवरा पुढे. मी हाका मारत होते आणि हाका तोंडातून निघताच वारा त्या पळवून नेत होता. मनात एकच: मी तिला बूट घेतले नाहीत.

होड्यांच्या ओळीपाशी वारा जरा अडला. आणि मला आवाज ऐकू आला. पोराचा आवाज. आमच्या भाषेत, राश्तच्या आमच्या गावच्या हेलात, भराभरा, थांबा नाही की श्वास नाही.

"...मग बोकडाने आजीचा रुमालच खाल्ला. आजी म्हणाली, मेल्या, लग्नातला होता रे माझा! मेहरी, डोळे उघड. उघड ना. मग आजीने काठी घेतली आणि बोकड छपरावर चढला, आणि आजी म्हणाली, उतर नाहीतर तुझा शोरबा करते... मेहरी, ऐकतेस ना? तूच म्हणालीस ना बोलत राहा..."

अपांच्या नवऱ्याने होडी उचलली. नेक्रूझ तिच्या शालीत गुंडाळलेला, हातात दोन जोड हातमोजे, एकावर एक. मेहरी त्याच्याभोवती वेटोळं करून पडली होती. डावा पाय धक्क्याजवळच्या पातळ बर्फातून पाण्यात गेला होता, आणि बूट पायावरच लाकडासारखा कडक झाला होता.

नेक्रूझने मला बघितलं. आणि दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.

१५ डिसेंबर

मेहरी दवाखान्यात आहे. ताप आहे, पाय बांधला आहे. बोलते थोडंथोडं.

त्या दिवशी दवाखान्यात जाताना, मदतीला आलेल्या गाडीत, मेहरी अपांच्या मांडीवर होती, नेक्रूझ माझ्या. मी त्याला म्हटलं, "बोल रे माझ्या राजा, मी ऐकलं तुला." त्याने तोंड माझ्या कानाशी आणलं, दाराकडे बघितलं आणि श्वासाइतक्या हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा तुला रागावतील."

एवढे दिवस. तो तोंड उघडायचा तर आपलीच भाषा यायची, दुसरी होतीच कुठे त्याच्याजवळ? आणि मी उत्तर दिलं असतं आपल्याच भाषेत. मग शिपायाला ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने दार लावूनच घेतलं. मेहरीशी मात्र बोलायचा, रोज दुपारी, चादरीखाली.

हे मी इक्रोमना सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यावर बसले होते ते, कारखान्याच्या कपड्यांत, तोंडावर काजळी. ऐकलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मी गंमत केली होती, सबोहत."

"मला माहीत आहे."

"गंमत होती गं ती."

चिडायला हवं होतं मी. पण मीही हसलेच होते ना.

१८ डिसेंबर

मेहरीला विचारलं, "मला का नाही सांगितलंस? डॉक्टर काय म्हणाले ते?"

छताकडे बघत म्हणाली, "तू रोज नळ सोडून रडायचीस."

मग म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, आईला नीट समजावून सांग की मुलाला कदाचित कारागंदाला ठेवावं लागेल. मी कसं सांगू? मी त्यांना म्हटलं, सांगितलं. ते तुझ्याकडे बघत होते आणि तू हसलीस. आई, तू हसलीस ना, तेव्हा मला वाटलं आता काही झालं तरी मीच बघायचं."

रायहान सेइतोव्नांनी आज इक्रोमना सांगितलं की आईबापांच्या सहीशिवाय कोणी कुणाच्या पोराला कारागंदाला नेत नाही. ते डॉक्टर नुसते तपासायला आले होते. हे मेहरीला कोणीच सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? या घरात सांगणारी तीच होती.

२६ डिसेंबर

घरात फर्मान उठलं. नेक्रूझ बोलतो, पण हळू, आणि आधी इक्रोमकडे बघून. काल त्यांनी मुद्दाम त्याच्यासमोर मला आमच्या भाषेत शिवी दिली, "काय गं टवळे, मीठ कुठाय?" आणि मीही दिली. तो हसला नाही. बघत राहिला, दोघांकडे आळीपाळीने. वेळ लागेल.

मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी अपांकडे बसते. त्या पीठ मळतात आणि मला शब्द शिकवतात. चुकलं की पिठाचा हात पाठीत घालतात. आजचे शब्द: पाय. बोट. ताप. सूज. दुखतं. कापणे.

अपा हा शेवटचा शब्द शिकवायला तयार नव्हत्या. मी त्यांना सुरी दाखवून शिकून घेतला.

६ जानेवारी

आज डॉक्टरीणबाई मेहरीच्या पायाचा निर्णय सांगणार होत्या. इक्रोम म्हणाले, "पाळी बदलून घेतो, मी बोलतो त्यांच्याशी." मी म्हटलं, "तुम्ही या, पण नेक्रूझला घेऊन बाहेर थांबा."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. थंडीने करपलेला पाय मी पूर्ण बघितला. त्या बोलू लागल्या तशी मेहरीने सवयीने उशीवरून डोकं उचललं, तोंड उघडलं.

"तू नाही," मी म्हटलं. "तू पडून राहा."

"आई, तुला नाही कळणार, त्या भराभरा बोलतात."

"मग हळू बोलतील."

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मी आई. हळू, कृपया." त्या हळू बोलल्या. पहिल्यांदा निम्मं कळलं. मी म्हटलं, "परत." दुसऱ्यांदा म्हणाल्या. मी माझ्या बोटाने हवेत पाय काढला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाखवलं, आणि तो शब्द उच्चारला. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "हो," त्या म्हणाल्या. "दोन. पाय वाचेल. चालेल, पळेल. सोमवारी." मी विचारलं, "दुखेल?" म्हणाल्या, "तेव्हा झोपेल. नंतर दुखेल."

मी त्यांचे आभार मानले. हसले नाही.

त्या गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच. मेहरीने सगळं ऐकलं होतं, माझ्याआधी कळलंही होतं तिला. तरी ती माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे, दहा वर्षांच्या पोरीचे. खूप दिवसांनी तेवढ्याच वयाचे.

"काय म्हणाल्या, आई?"

मी खाटेवर बसले आणि आपल्या भाषेत सांगितलं. दोन बोटं कापणार. सोमवारी. झोपवून कापतील, पण जाग आल्यावर दुखेल. पाय राहील. मी तुझ्याजवळ असेन, तुझ्या उशाशी, सगळा वेळ. यातलं काहीच गाळलं नाही.

मग तिने टाहो फोडला. असा की दारात इक्रोम नेक्रूझला कडेवर घेऊन धावत आले, बाहेरून जाणाऱ्या परिचारिका थबकल्या, शेजारच्या खोलीतून कोणीतरी रशियनमध्ये विचारलं, काय झालं? "मला नको!" ती ओरडत होती, आपल्या भाषेत, उशीवर हात आपटत. "मला नको, आई, मला नको!" या गावात आल्यापासून मी तिला एकदाही रडताना बघितलं नव्हतं.

मी तिला पोटाशी धरलं. गप्प राहा असं म्हटलं नाही.